‘कॉम्प्युटर येतो’ म्हणजे नेमके काय येते?

नोकरीच्या मुलाखतीत ‘कॉम्प्युटर येतो का?’ असे विचारतात आणि उमेदवार ‘हो’ म्हणतो, तेव्हा दोघांच्याही मनात जवळपास एकच चित्र असते. वर्डमध्ये पत्र टाइप करता येते, एक्सेलमध्ये बेरीज लावता येते, पॉवरपॉइंटच्या चार स्लाइड करता येतात, मेल पाठवता येते आणि प्रिंट काढता येते. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी या संगणक-अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्राने हे चित्र सरकारी भरतीच्या अटींपर्यंत पोचवले. त्या अभ्यासक्रमाचे ऋण मान्यच करायला हवे. ‘हात लावला तर काहीतरी बिघडेल’ ही भीती त्याने गावोगावच्या लाखो लोकांच्या मनातून घालवली. पण भीती गेली म्हणून समज आली असे होत नाही. प्रिंटरमधून कागदामागून कागद अगम्य चिन्हांनी भरून बाहेर पडू लागले, की हेच प्रमाणपत्रधारक हतबल होऊन यंत्र बंद-चालू करत राहतात.

माझे म्हणणे असे की नवशिक्याला आपण चुकीच्या टोकाकडून शिकवतो. कोणते बटण कुठे आहे, हे ज्ञान पुढच्या आवृत्तीत बटण हलले की संपते. त्याऐवजी त्याला सुरुवातीलाच दोन गोष्टी दाखवायला हव्यात: साध्या मजकुरात लिहिलेला एक छोटा प्रोग्राम, आणि यंत्राच्या पोटातला ड्रायव्हर नावाचा प्रकार. पहिल्याने कळते की संगणकाला सांगतात कसे. दुसऱ्याने कळते की सांगितलेले प्रत्यक्ष यंत्रापर्यंत पोचते कसे. या दोन टोकांच्या मधले बाकी सारे नंतर, गरजेप्रमाणे शिकता येते. ‘हे तर इंजिनिअरांचे काम’ असे ज्यांना वाटते, त्यांच्याशीच हा वाद आहे.

१. मजकूर: दिसतो एक, साठतो वेगळा

सुरुवात नोटपॅडपासून करावी, आणि वर्डशी त्याची तुलना करावी. नोटपॅडमध्ये ‘नमस्कार’ लिहून फाइल जतन केली तर तिच्यात त्या शब्दाच्या खुणांचे आकडे असतात आणि जवळजवळ दुसरे काहीच नसते. तेच वर्डमध्ये करा. मग त्या डॉक्स फाइलची एक प्रत काढा, नावाच्या शेवटचे ‘डॉक्स’ पुसून तिथे ‘झिप’ लिहा आणि उघडा. आत फोल्डर निघतात, त्यांत बऱ्याच फाइली निघतात, आणि त्यांतल्या एका एक्सएमएल फाइलमध्ये, कोनी कंसांच्या दाटीत, आपला ‘नमस्कार’ सापडतो. बाकीचा पसारा फॉन्ट, समास, शैली यांचा असतो. दहा मिनिटांचा हा प्रयोग केलेला माणूस ‘फाइल’ या शब्दाकडे पुन्हा पूर्वीच्या भाबडेपणाने पाहू शकत नाही.

अक्षर, खूण आणि बाइट

मराठी विद्यार्थ्याला या बाबतीत इंग्रजी विद्यार्थ्यापेक्षा चांगले साहित्य हाताशी आहे, आणि आपण ते वापरत नाही. ‘कोल्हापूर’ हा शब्द घ्या. आपण मोजू तर अक्षरे चार: को, ल्हा, पू, र. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेला त्याची लांबी विचारली तर उत्तर येते ९. कारण युनिकोड या जागतिक सांकेतिक पद्धतीत क वेगळा, ओकाराची मात्रा वेगळी, ल, त्याला अर्धा करणारे हलन्त, ह, काना, प, दीर्घ उकार आणि र अशा नऊ खुणा ओळीने साठतात. त्यांची जोडाक्षरे पडद्यावर जुळवणे हे फॉन्टचे आणि अक्षरजुळणी करणाऱ्या प्रणालीचे काम. आणि हीच फाइल यूटीएफ-८ पद्धतीने जतन केली तर त्या नऊ खुणांना २७ बाइट लागतात. चार, नऊ आणि सत्तावीस ही तिन्ही उत्तरे बरोबर आहेत; प्रश्न तीन वेगळ्या पातळ्यांवरचा आहे. मराठी एसएमएस १६० ऐवजी ७० खुणांतच का भरतो, याचेही उत्तर इथेच आहे. जागा दोन्हीकडे १४० बाइटांचीच असते. इंग्रजी खुणेला त्यातले सात बिट पुरतात, देवनागरी खुणेला सोळा लागतात.

न समजल्याची किंमत

हे बारकावे पंडिती वाटत असतील तर मराठी मुद्रणाचा अलीकडचा इतिहास आठवावा. युनिकोड रुळण्यापूर्वी, आणि रुळल्यावरही बरीच वर्षे, आपण जुन्या धाटणीच्या फॉन्टांत टाइप करत राहिलो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहिले की फाइलीत साठतात इंग्रजीतली ई, जे, के, बी आणि एच ही पाच अक्षरे. फॉन्ट असेल तोवर पडद्यावर ‘मराठी’ दिसते. फॉन्ट काढा, की उरते इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्या फाइलीत ‘मराठी’ हा शब्द शोधला तर सापडणार नाही, कारण तो तिथे नाहीच. पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणन-संस्था १९८८पासून भारतीय लिप्यांवर काम करत होती, इस्कीसारखी प्रमाण सांकेतिक पद्धत ठरलेली होती, म्हणजे ज्ञान नव्हते असे नाही. पण वापरणाऱ्याला ‘छापून चांगले येते ना’ एवढेच पुरेसे वाटले. दिसणे आणि असणे यांतला फरक त्याला कोणी शिकवलाच नव्हता. परिणामी कित्येक प्रकाशकांकडच्या आणि कचेऱ्यांमधल्या जुन्या फाइली रूपांतर केल्याशिवाय शोधता येत नाहीत, आणि रूपांतरात रफार व जोडाक्षरे हटकून बिघडतात. ही तांत्रिक चूक नव्हती. बटणे शिकलेल्या आणि मजकूर न शिकलेल्या समाजाने मोजलेली ती किंमत आहे.

२. पहिला प्रोग्राम मजकुरातच हवा

मजकूर म्हणजे खुणांची ओळ, हे पटले की पुढची पायरी आपोआप येते: प्रोग्राम हीसुद्धा तशीच एक मजकुराची फाइल. ती नोटपॅडमध्ये लिहिता येते, वाचता येते, खोडता येते. तिला वेगळेपण येते ते एवढ्याने, की दुसरा एक प्रोग्राम ती ओळीओळीने वाचतो आणि तसे वागतो.

पायथनमध्ये अवतरणचिन्हांत ‘१२’ आणि अवतरणचिन्हांत ‘३’ लिहून मधे अधिकचे चिन्ह दिले, तर उत्तर १५ येत नाही. ‘१२३’ येते. कारण अवतरणात आहे तोवर ते आकडे नसतात, नुसत्या खुणा असतात, आणि खुणा जोडल्या की शेजारी बसतात. त्यांना आधी संख्येत बदला, मग मिळवा, आता १५. नवशिक्यांना बहुधा ठाऊक नसलेली एक गंमत सांगतो: हा बदल करताना पायथन देवनागरी अंकही निमूट स्वीकारतो, इंग्रजी अंकांची अट घालत नाही. चौथीतल्या मुलालाही समजेल अशा या दोन ओळींत संगणकशास्त्रातली एक मोठी कल्पना आहे. तीच खूण कोणत्या प्रकारची मानायची, यावर तिचे काय होणार ते ठरते. एक्सेलमध्ये मोबाइल क्रमांकाच्या आधीचे शून्य का गळते, तारखेचा महिना आणि दिवस का उलटापालटा होतो, बेरीज शून्य का येते, या रोजच्या तक्रारींचे मूळ याच कल्पनेत आहे. एक्सेलचे शंभर धडे देऊनही ते मूळ दिसत नाही, कारण एक्सेल ते झाकून ठेवते.

चूक दाखवणारे यंत्र

मजकुरातल्या प्रोग्रामचा दुसरा गुण म्हणजे तो चुकतो, आणि कुठे चुकला ते सांगतो. वीस नावांची यादी करून एकविसावे नाव मागितले, की पायथन थांबतो, ओळीचा क्रमांक देतो आणि यादीच्या हद्दीबाहेर गेल्याचे कळवतो. नवशिक्या हा संदेश न वाचताच खिडकी बंद करतो. शिक्षकाने करायचे काम एकच: ती बंद करू द्यायची नाही. संदेश वाच, ओळ शोध, बदल, पुन्हा चालव. या चार कृतींची सवय लागली की तो माणूस पुढे बँकेच्या ॲपमध्येही ‘काहीतरी झाले’ असे म्हणत नाही. काय झाले ते वाचून दाखवतो.

एके काळी या दारातूनच आत यावे लागे. १९६४ साली डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या प्राध्यापकांनी बेसिक ही भाषा बनवली ती विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक हाताळता यावा म्हणून. १९८४-८५मध्ये शालेय संगणक-साक्षरतेच्या ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्या काही शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले, ते चालू करताच पडद्यावर बेसिक उभे राहून आज्ञेची वाट पाहत असे. लिहिल्याशिवाय ते यंत्र काहीच करत नसे. त्या दिवसांचे गोडवे गायची गरज नाही. चित्रांचा आणि माऊसचा पडदा आला म्हणूनच संगणक घराघरांत शिरला. मात्र ज्या दारातून समज येत असे ते दार त्या सोयीने बुजले, हेही खरे.

३. ड्रायव्हर: सांगणे आणि होणे यांच्यामध्ये

आता दुसरे टोक. कीबोर्डवरची इंग्रजी ‘के’ची कळ दाबली आणि पडद्यावर ‘क’ उमटला. मधे काय घडले?

यूएसबी कीबोर्ड आपणहून बोलत नाही. संगणक त्याला सतत, साधारणपणे सेकंदाला सव्वाशे वेळा, विचारत असतो: काही आहे का? कळ दाबलेली असेल तर उत्तरादाखल येतो आठ बाइटांचा एक छोटा अहवाल, आणि त्यात असतो १४ हा आकडा. अक्षर नव्हे, त्या जागेवरच्या कळीचा क्रमांक. शिफ्ट दाबलेली असेल तर तशी नोंद पहिल्या बाइटात. हा अहवाल उचलतो कीबोर्डचा ड्रायव्हर. लिनक्स या कार्यप्रणालीत तो १४चे रूपांतर ३७ या आपल्या अंतर्गत क्रमांकात करतो, आणि त्याचे काम तिथे संपते. ३७ म्हणजे काय लिहायचे, हे ठरवतो वरच्या थरातला कळफलकाचा आराखडा. आराखडा इंग्रजी असेल तर ‘के’, मराठीचा इनस्क्रिप्ट असेल तर ‘क’, शिफ्टसह ‘ख’. ‘क’ म्हणजे युनिकोडमधली २३२५ क्रमांकाची खूण. फाइलीत जाताना तिचे तीन बाइट होतात: २२४, १६४, १४९. आणि शेवटी फॉन्ट त्या खुणेचे चित्र काढतो.

या साखळीत कीबोर्डला मराठी येते असा एकही क्षण नाही. ‘मराठी कीबोर्ड’ म्हणून बाजारात जे मिळते त्याच्या कळांवर मराठी अक्षरे छापलेली असतात, इतकेच. ‘माझ्या लॅपटॉपवर मराठी येत नाही’ असे कोणी म्हणाले तर दोष ड्रायव्हरचा, आराखड्याचा, सांकेतिक पद्धतीचा की फॉन्टचा, हे चार प्रश्न वेगळे आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. साखळी ठाऊक नसलेला माणूस या चारही रोगांवर एकच औषध घेतो: फॉरमॅट मारणे.

माऊस लगेच चालतो, प्रिंटर का नाही?

ड्रायव्हर म्हणजे विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली आणि एखादे उपकरण यांच्यात संवाद घडवणारा प्रोग्राम. कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह यांच्यासाठी संवादाचे प्रमाण नियम ठरलेले आहेत, म्हणून एकच सर्वसाधारण ड्रायव्हर कोणत्याही कंपनीच्या माऊसला चालतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रिंटरांत तशी एकवाक्यता उशिरा आणि अर्धवटच आली. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला साधा मजकूर पाठवला तरी तो छापतो. स्वस्तातल्या कित्येक लेझर प्रिंटरांत मात्र पानाचे चित्र तयार करण्याचे सगळे काम संगणकावरचा ड्रायव्हर करतो. तो नसेल तर ते यंत्र टेबलावरचा ठोकळा. आणि ड्रायव्हर चुकीचा असेल तर? तो प्रिंटरला न समजणाऱ्या भाषेत पानाचे वर्णन पाठवतो, प्रिंटर त्याला साधा मजकूर समजतो आणि छापत सुटतो. सुरुवातीला म्हटलेले अगम्य चिन्हांचे कागद ते हेच. प्रिंटर बिघडलेला नसतो. मिळालेले तो इमानाने छापत असतो.

ड्रायव्हर कोणाच्या हातात?

या प्रश्नाला एक सामाजिक बाजूही आहे, आणि तिचा इतिहासही प्रिंटरपाशीच सुरू होतो. १९८०च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्सने एक लेझर प्रिंटर दिला. कागद अडकला की वापरणाऱ्यांना सूचना जावी अशी सोय तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये करून घेतली होती. नव्याच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर मात्र मिळेना. ज्याच्याकडे तो होता त्याने गुप्ततेच्या कराराचे कारण देऊन नकार दिला. स्टॉलमन यांनी १९८३मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे या नकाराचाही वाटा होता. आपण विकत घेतलेले यंत्र कोणत्या मजकुराच्या हुकमावर चालते आणि तो मजकूर वाचण्याचा अधिकार कोणाला, हा नागरिकाचा प्रश्न आहे. पण तो विचारण्यासाठी असा मजकूर असतो, हे आधी माहीत हवे.

४. दोन टोके जिथे भेटली

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातले विंडोज संगणक निळे पडून थांबू लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे अशी यंत्रे सुमारे ८५ लाख होती. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ‘मायक्रोसॉफ्टवर सायबर हल्ला’ अशी आवई उठली. हल्ला झाला नव्हता, आणि चूक मायक्रोसॉफ्टची नव्हती. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक प्रोग्राम त्या संगणकांत ड्रायव्हर म्हणून बसलेला होता. त्याला नवीन माहितीची एक फाइल मिळाली. धोका ओळखण्याच्या नियमाच्या साच्यात २१ रकाने होते, प्रोग्रामने पुरवलेल्या किमती होत्या २०, आणि नव्या फाइलीने एकविसाव्याकडे पाहायला लावले.

वर ज्या नवशिक्याने वीस नावांच्या यादीत एकविसावे नाव मागितले, त्याची आणि या कंपनीची चूक एकाच जातीची आहे. फरक आहे तो जागेचा. साधा प्रोग्राम चुकला तर प्रणाली तेवढाच प्रोग्राम बंद करते. असा ड्रायव्हर मात्र कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, सगळ्या अधिकारांनिशी चालतो. तिथे हद्दीबाहेरची जागा वाचली गेली तर पुढे काय काय बिघडेल याची खात्री नसते, म्हणून प्रणाली सगळे यंत्रच थांबवते. थांबलेले यंत्र दुरून दुरुस्त करणेही अवघड. बहुतेक ठिकाणी तंत्रज्ञांना एकेका संगणकापाशी जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली.

हे दोन परिच्छेद समजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. यादी, तिची हद्द आणि ड्रायव्हरची जागा एवढे ठाऊक असले की पुरे. तरीही त्या दिवशीच्या बातम्या वाचून बहुसंख्य ‘कॉम्प्युटर येणाऱ्या’ माणसांना घडले काय ते उमगले नाही. रूढ संगणक-साक्षरता उथळ आहे, याचा याहून वेगळा पुरावा मला द्यावासा वाटत नाही.

५. आक्षेप

‘गाडी चालवायला इंजिन कशाला कळायला हवे?’

हा आक्षेप सर्वांत लाडका आणि सर्वांत कच्चा. गाडी एकच काम करते आणि ते काम तिच्या बांधणीतच ठरलेले असते. संगणकाचे काम त्याला दिलेला मजकूर ठरवतो. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली सैद्धांतिक यंत्राची जी कल्पना मांडली तिचे मर्मच हे होते की एकाच यंत्राने, वर्णन बदलले की, दुसऱ्या कोणत्याही यंत्राचे काम करावे. म्हणून संगणक ‘चालवणे’ आणि त्याला ‘सांगणे’ या गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. शिवाय गाडीवाल्यालाही ब्रेक आणि इंधन या वेगळ्या यंत्रणा आहेत एवढे ठाऊक असतेच. मी मागतो आहे ते तेवढेच.

‘मुलांना ठोकळ्यांचे स्क्रॅच बरे, मजकूर अवघड’

यात तथ्य आहे. २००७मध्ये एमआयटीतून आलेल्या स्क्रॅचने क्रम, अट आणि पुनरावृत्ती या कल्पना मुलांच्या हाती दिल्या. पण ठोकळे चुकीचे बसतच नाहीत, त्यामुळे लिहिण्यातली चूक वाचायची वेळ येत नाही. दहा-अकरा वर्षांपर्यंत ठोकळे, पुढे मजकूर, असे म्हणायला माझी हरकत नाही. ठोकळ्यांवरच थांबायला आहे.

याला जोडूनच इंग्रजीचा मुद्दा येतो. पायथनचे राखीव शब्द ३५. तेवढे पाठ करणे कुठल्याही मराठी माध्यमाच्या मुलाला जड नाही. खरी भिंत चुकीच्या संदेशांची आहे, ते इंग्रजीत येतात. नेहमी भेटणाऱ्या वीस-पंचवीस संदेशांचे मराठी स्पष्टीकरण प्रत्येक प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावले तर निम्मी भिंत पडते. हे काम एखाद्या उत्साही शिक्षकाच्या एका सुट्टीचे आहे, आणि ते होत नाही याला अवघडपणा हे कारण नाही.

‘आता एआय कोड लिहिते’

लिहिते, आणि बरे लिहिते. पण देते काय? मजकूर. तो चालवायचा की नाही, चालवला तर तो कशाला हात लावील, यादीची हद्द त्याने तपासली का, हे वाचून ठरवायचे काम माणसाकडेच राहते. आणि मागायचे कसे? तेही मजकुरातच. तीस वर्षे चित्रांवर टिचक्या मारायला शिकवलेल्या लोकांना आता पुन्हा रिकाम्या चौकटीत नेमके वाक्य लिहायला सांगितले जात आहे, ही विसंगती मौजेची आहे. लिहायची आणि वाचायची सवय असलेल्यांना हे साधन वरदान ठरेल. बाकीच्यांना ते आणखी एक बटण.

‘ड्रायव्हर हा नवशिक्यांचा विषयच नाही’

लिहायचा म्हणाल तर नाहीच. ड्रायव्हर लिहिणे भल्याभल्यांची परीक्षा पाहते. पण तो आहे, त्याला गाभ्यापर्यंत मुभा आहे आणि म्हणून तो कुठून घ्यायचा हे महत्त्वाचे आहे, एवढे सांगायला एक तास लागतो. ‘ड्रायव्हर’ म्हणून शोध घेऊन पहिल्या दिसेल त्या संकेतस्थळावरची फाइल बेधडक बसवणारे लोक घराच्या किल्ल्या अनोळखी माणसाला देत असतात. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर सहसा बसू दिला जात नाही, तो याच कारणाने. ती सूचना दिसली की ती वळसा घालून टाळण्याची युक्ती मात्र आपल्याकडे ‘कॉम्प्युटर चांगला येण्याची’ खूण मानली जाते.

६. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना

मागणी मोठी नाही. शाळेच्या किंवा क्लासच्या संगणक-वर्गातले पहिले आठ तास वर्ड उघडू नका. दोन तास साध्या मजकुराच्या फाइलीला द्या, त्यात ‘कोल्हापूर’सारखे शब्द मोजायला लावा आणि डॉक्स फाइल उघडून दाखवा. चार तास पायथनच्या वीस-वीस ओळींच्या प्रोग्रामना द्या, आणि त्यांतला निम्मा वेळ मुद्दाम केलेल्या चुकांचे संदेश वाचण्यात घालवा. उरलेल्या दोन तासांत विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडा, कीबोर्डचा आणि प्रिंटरचा ड्रायव्हर शोधायला लावा, आणि कळ ते अक्षर ही साखळी फळ्यावर काढा. यासाठी नवी यंत्रे लागत नाहीत, विकत घ्यायचा कोणताही सॉफ्टवेअर परवाना लागत नाही. नोटपॅड प्रत्येक विंडोज संगणकात आहे आणि पायथन फुकट मिळतो.